दोन ठोके

कॉफी ओतून घ्या सगळ्यांनी, आणि ते दार नीट लावा. रेडिओवरची बाई आत्ता काय म्हणाली ऐकलंत ना? उत्तर ध्रुवाकडून थंडीची लाट सुटली आहे, आठवडाभर हवा बदलती राहील. आज ओलसर, उद्या पाऊस, परवा बर्फाळ पाऊस, आणि मग पारा एकदम तळ गाठणार. लग्नातल्या जेवणाचा बेत सांगावा तशी सांगते ती.

आणि डेनी, तू. आज भेगेवरून पहिला कोण गेला? तूच ना? मग झाडं का नाही हलवलीस? हात गारठले होते, उद्या हलवतो म्हणतोस... बरं. रागवत नाही मी. बस. गोष्ट सांगतो एक. भुताची आहे, हसायचं तर हसा. पण घडलेली आहे. ज्याच्या बाबतीत घडली तो एग्गर्ट सोल्मुंडसन माझ्या वर्गात होता. त्याने स्वतःच्या तोंडाने मला ती सांगितली, त्याच्या स्वयंपाकघरात बसून. शेवटी जे थोडं राहिलं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

नियम तुम्हाला पाठ आहेत, तरी पुन्हा ऐका. नाताळ संपला की आपल्या नेसविक गावातल्या घराघरांतली झाडं आपण गोळा करतो आणि गोठलेल्या तळ्यावरच्या वाटेने बर्फात रोवत जातो. बर्फाला आडवी गेलेली भेग जिथे ओलांडता येते तिथे दोन झाडं शेजारी शेजारी, दरवाजासारखी. हवा फिरली की भेग सरकते. म्हणून हवा फिरल्यावर जो पहिला जाईल, त्याने पहारीने बर्फ ठोकून पाहायचा, पक्की जागा शोधायची आणि दरवाजाची ती दोन झाडं उपटून तिथे नेऊन लावायची. मागून येणारा माणूस बर्फावर विश्वास ठेवून येत नाही, झाडांवर ठेवून येतो. दुसरा नियम असा की गाडी बुडाली, वाट चुकली, पाय मोडला, काहीही झालं तरी जवळचं झाड गाठायचं आणि मग झाड सोडायचं नाही. शोधायला येणारे एका झाडावरून दुसऱ्या झाडावर असे येतात. मोबाईलचं मला सांगू नका. त्या थंडीत मोबाईल तुमच्याआधी मरतो.

तर एग्गर्ट थोरला आणि रुनी धाकटा. दोघे भाऊ वीस हिवाळे एकत्र जाळी टाकायचे. जाळ्याचा दोर बर्फाखालून पलीकडे नेणाऱ्या तुमच्या फळ्यांना आता दिवे असतात, बर्फातून उजेड दिसतो, त्याच्यामागे चालत जायचं. तेव्हा साधी लाकडी फळी होती. भोकातून ती बर्फाखाली सोडायची. दोर ओढला की तिचा लोखंडी पाय बर्फाला खालून आपटायचा आणि फळी पुढे सरकायची. टक... टक... टक. दोर ओढायचा रुनी. दोन ओढी लांब, एक तोकडी, अशी त्याची चाल होती, गावात दुसऱ्या कुणाची तशी नव्हती. आणि वरून त्या आवाजावर चालत जायचा एग्गर्ट. मान खाली, टोपीचा एक कान वर दुमडलेला. हातभर जाड बर्फ असो, वर वारा बोंबलत असो, फळी कुठे आहे ते त्याला एका पावलाचीही चूक न होता कळायचं. ती हवी तिथे पोचली की तो बापाच्या पहारीने बर्फावर दोन ठोके द्यायचा. दोनच. म्हणजे सापडली, ओढणं थांबव. मग तिथे भोक पाडायचं आणि फळी वर काढायची. ती पहार मी पाहिली आहे. टोकाचा एक कोपरा उडालेला होता, त्यामुळे तिची खूण बर्फावर तीन कोपऱ्यांची उमटायची.

पण कान कुणाचे जन्मभर पुरतात? साठीच्या आसपास एग्गर्टला कमी ऐकू यायला लागलं. फळी एकीकडे, हा भोक पाडतो दुसरीकडे. एक हिवाळा रुनीने सोसलं, दुसऱ्या हिवाळ्यात दिव्याची फळी आणली. आणली तर आणली, गपचूप आणायची की नाही? पण रुनीला जीभ आवरायची नाही. कॉफीच्या दुकानात सगळे बसलेले, एग्गर्टही तिथेच कोपऱ्यात, आणि हा पठ्ठ्या म्हणतो:

"एग्गर्टला फळी ऐकू येत नाही हो आता. फळीचं काय घेऊन बसलात, याची बायको घर सोडून गेली तेही याला दोन दिवसांनी कळलं. दार लागल्याचं ऐकूच आलं नाही!"

हसले सगळे. मीही हसलो, खोटं कशाला सांगू. एग्गर्टने दातात धरलेला साखरेचा खडा कडकन फोडला, कप ठेवला आणि निघून गेला. त्या दिवसापासून तो एकटा तळ्यावर जायला लागला. बापाची पहार रुनीकडे राहिली, ती त्याने मागितली नाही. भावाशी बोलणं सोडलं. पीळ आत आत बसत गेला.

तीन वर्षं अशी गेली. मग तो आठवडा आला.

असाच, जानेवारीतला. सोमवारी पागोळ्या गळत होत्या, लोक उघड्या डोक्याने फिरत होते. मंगळवारी पाऊस. बर्फावर घोटाभर पाणी. बुधवारी धुकं आणि बर्फाळ पाऊस, तारांना काच चढली, गावाची वीज गेली. गुरुवारी दुपारी वायव्येला आकाशाच्या कडेने एक निळीकाळी पट्टी दिसली, आणि तासाभरात वारा असा फिरला की दोरीवरच्या चादरी वाळायच्या आधी फळकुटं झाल्या. अंधार पडेपर्यंत उणे वीस. तळं रात्रभर कण्हत होतं.

गुरुवारी ती पट्टी दिसताच एग्गर्ट जाळी काढायला निघाला, त्याची स्नोमोबाईल घेऊन. हवा फिरल्यावर तो पहिला. भेगेशी उतरला आणि काठीने बर्फ ठोकून पाहिला. दरवाजाच्या झाडांमधली जागा गेलेली होती. वर कोवळी साय, खाली काळं पाणी. त्याने पक्की जागा शोधली, दक्षिणेला, दोनशे पावलांवर. घसरगाडीवर एक जादा झाड होतं, ते परतीच्या खुणेसाठी तिथे रोवलं. आता मागे जायचं, दरवाजाची दोन झाडं उपटायची आणि इथे आणून लावायची. दहा मिनिटांचं काम.

त्याने मागे वळून पाहिलं. एका झाडाला नाताळची चंदेरी झिरमिळी राहिली होती, ती वाऱ्यावर लकाकत होती. आणि त्याच्या मनात आलं, उद्या इथून रुनी जाणार.

माणूस मरावा असं त्याच्या मनात नव्हतं, हे तो मला तीनदा म्हणाला. गाडीचं नाक बुडेल, गुडघ्यापर्यंत भिजेल, गाडी ओढून काढायला चार माणसं बोलवावी लागतील. एकदा त्याच्यावरही हसू दे की गावाला. एवढंच. झाडं तशीच ठेवून तो घरी आला. रात्री बर्फ भुरभुरला आणि ती साय पांढरी झाली, सगळ्या बर्फासारखी.

शुक्रवारी उणे चौतीस. जमिनीलगत वारा, कमरेपर्यंत उडता बर्फ. दुपारी तीनच्या सुमाराला रुनी त्याची पट्ट्यांवर चालणारी जुनी गाडी घेऊन निघाला, कारण जाळी आणखी एक दिवस राहिली असती तर बर्फात चिणली गेली असती. एग्गर्टचं घर वाटेवर. तिथे त्याने गाडी थांबवली. तीन वर्षांत पहिल्यांदा. छपराचं झाकण उघडून डोकं बाहेर काढलं. एग्गर्ट अंगणात लाकडं उचलत होता.

"एग्गर्ट! काल पहिला तू गेलास म्हणे! भेग ठीक आहे ना?"

एग्गर्टला ऐकू आलं. शब्द न् शब्द. त्याने लाकडं खाली ठेवली, हात कानामागे नेला आणि चेहरा कोरा ठेवून म्हणाला, "काय?"

रुनी ओरडला, "भेग! भेग! झाडं हलवलीस का?"

"काय म्हणतोस?"

रुनी हसला. वाईट नाही हसला, एग्गर्ट म्हणाला, लहानपणी हसायचा तसा हसला. "जाऊ दे रे, बहिऱ्या! परत येताना कॉफीला थांबतो. पाणी चढवून ठेव!" आणि झाकण लावून गेला.

पोरांनो, इथे मी नेहमी थांबतो. कारण अजून वेळ होती. गाडी पट्ट्यांवर रखडत जाते, स्नोमोबाईलने गाठायला पाच मिनिटं पुरली असती. एग्गर्ट अंगणात उभा राहिला, आवाज पार विरेपर्यंत. मग आत गेला. त्याने कॉफीचं पाणी खरंच चढवलं. ते आटलं, त्याने पुन्हा चढवलं.

पाचला काळोख. साडेपाचला दारावर थाप. रुनीची बायको लौगा, डोक्याला शाल, चेहरा पांढरा.

"तो आला नाही. फोन लागत नाही. एग्गर्ट, तू काल गेला होतास ना? झाडं बरोबर होती ना?"

"झाडं जिथे हवी तिथे आहेत," एग्गर्ट म्हणाला.

"नक्की?"

"लौगा, चाळीस वर्षं मी तळ्यावर जातोय. तू मासळीच्या गोदामावर जा, माणसं गोळा कर. मी पुढे जाऊन बघतो."

तिने त्याचे दोन्ही हात धरले. "तू जातोस? या वाऱ्यात?" आणि रडायला लागली. "मी त्याला नेहमी म्हणायचे, रक्ताचा भाऊ आहे तो..."

चोराच्या मनात चांदणं. एग्गर्टला एकच दिसत होतं. माणसं येतील, दिवे घेऊन येतील, आणि दरवाजा चुकीच्या जागी उभा असलेला बघतील. ती दोन झाडं त्यांच्याआधी हलवायला हवीत.

तर हे काम घेऊन तो निघाला. जानेवारीतला तिसरा शुक्रवार, संध्याकाळचे सहा, आणि तळ्यावर मध्यरात्रीसारखा काळोख. दरवाजापाशी पोचला. झाडं उभी होती. झिरमिळी फडफडत होती. मधल्या जागेत मोठं भगदाड, त्यावर नवी साय धरायला लागलेली, कडेचे तुकडे उभे गोठलेले. गाडीचं छप्परही दिसत नव्हतं. तिथे पाणी तीन पुरुष खोल आहे.

"रुनी," तो हळूच म्हणाला. हाक मारली असं नाही. नुसतं म्हणाला.

मग त्याने झाडं उपटली. स्नोमोबाईल चालूच ठेवली, त्या थंडीत बंद केली तर पुन्हा सुरू व्हायची नाही. भेगेच्या कडेने गाडी नेण्याची हिंमत नव्हती. दोन्ही काखांत दोन झाडं, हातात काठी, कपाळावर दिवा, आणि पायी निघाला, दक्षिणेला. उडत्या बर्फात दिव्याचा उजेड दोन हातांवर पांढरा होऊन थांबत होता. मागचा इंजिनचा आवाज वाऱ्यात बुडाला.

पन्नासेक पावलं गेला असेल. पायाखाली काहीतरी झालं.

टक.

बर्फ बोलतो थंडीत. फुटतो, कण्हतो, आपल्याला काय नवीन आहे त्यात? तो चालत राहिला.

टक... टक... टक.

तो थांबला. आवाजही थांबला.

चालायला लागला.

टक... टक... टक.

खालून. तळव्यांना कळत होतं. आणि मग त्याने काय केलं, सांगा? त्याच्या जागी दुसरा कुणीही असता तर पळाला असता. पण याचे वीस हिवाळे त्याच आवाजावर चालण्यात गेले होते. त्याने मान खाली घातली. टोपीचा एक कान वर दुमडला. आणि आवाजाच्या मागे निघाला. डोकं नको म्हणत होतं, पाय ऐकत नव्हते.

आवाज जवळ येत गेला.

शंभर पावलं. दीडशे. आता तो बर्फात नव्हता, हाडांत होता. आणि त्याची चाल कळायला लागली होती. टक... अंतर. टक... अंतर. टक, लगेच. दोन लांब. एक तोकडा.

दोन लांब... एक तोकडा.

त्याने काखेतली झाडं घट्ट आवळली.

मग आवाज थांबला. एकदम. जसा रुनी थांबायचा, दोर हातात धरून, वरच्या उत्तराची वाट बघत.

एग्गर्टचा काठी धरलेला हात आपोआप वर गेला. दोन ठोके द्यायला. वीस वर्षांची सवय...

हात तिथेच राहिला. कारण दोन ठोक्यांनंतर काय करायचं असतं, ते त्याला माहीत होतं. भोक पाडायचं. खाली जे असेल ते वर काढायचं.

खाली शांत.

वर शांत.

मग... टक.

एकच. अगदी पुढ्यात.

झाडं पडली. एग्गर्ट पळाला. कुठे पडला, कसा उठला, स्नोमोबाईल कशी सापडली, त्याला आठवत नव्हतं. इंजिनच्या आवाजातही त्याला ते मागे ऐकू येत होतं, म्हणाला.

आठ वाजता आम्ही वीसेक जण गोदामावर जमलो होतो, पोलीस शिपायासकट. एग्गर्ट आत आला. भुवयांवर बर्फ. मीच त्याच्या हातात कॉफी दिली.

शिपायाने विचारलं, "भेगेपाशी काही दिसलं?"

"काही नाही," एग्गर्ट म्हणाला. "झाडं जागच्या जागी आहेत. रुनी तिथून गेला असता तर पार झाला असता. तो उत्तरेच्या टोकाला वळला असणार. तिकडे बघा."

चाळीस वर्षं तळ्यावर गेलेल्या माणसाचा शब्द. सख्खा भाऊ. कोण शंका घेणार? रात्रभर आम्ही उत्तरेला शोधत राहिलो.

शनिवारी सकाळी वारा पडला. उणे एकोणचाळीस, निरभ्र, सूर्याच्या दोन अंगांना दोन खोटे सूर्य. आम्ही थकून वाटेने परत येत होतो, तेव्हा माझ्या लक्षात आलं की दरवाजा दिसत नाही. जिथे होता तिथे भगदाड. म्हणून दक्षिणेला बघत गेलो. काही अंतरावर ती दोन झाडं आडवी पडलेली सापडली. शेजारी शेजारी, झिरमिळीसकट.

आणि त्यांच्यापुढे चाळीस पावलांवर एक झाड उभं होतं. एकटं. एग्गर्टने गुरुवारी रोवलेलं.

त्याच्या बुंध्याला पाठ लावून रुनी बसला होता.

गाडी बुडताना तो छपरातून बाहेर निघाला होता. एक पाय झाकणात चेचला होता, मांडीपर्यंत भिजला होता, तरी गाडीचं कॅनव्हास आणि बापाची पहार ओढत, सरपटत तो बाहेर आला. दरवाजाच्या कडेचा बर्फ फुटत होता, तिथे थांबण्यासारखं नव्हतं. वारा क्षणभर ओसरला तेव्हा दिसलं असेल ते दुसरं झाड, म्हणून तिकडे. नियमाप्रमाणे झाड गाठलं आणि नियमाप्रमाणे ते सोडलं नाही. कॅनव्हास अंगाभोवती गुंडाळलं. हातमोज्यांसकट दोन्ही हात पहारीला गोठले होते. समोरच्या बर्फात त्याने पहारीने ठोकून ठोकून टोपलीएवढा खळगा केला होता.

डॉक्टर म्हणाले, मध्यरात्रीपर्यंत तरी जिवंत असावा.

कळतंय ना तुम्हाला? संध्याकाळी सहाला तो जिवंत होता. वाऱ्यात हाक पोचत नाही, बर्फातून ठोका पोचतो. एग्गर्टच्या इंजिनचा आवाज त्याला आला असणार. म्हणून तो ठोकत होता. आणि ठोका थांबवून उत्तराची वाट बघत होता. त्याला वाटलं असेल, एग्गर्ट आहे. एग्गर्टला ऐकू आलं तर बरं.

एग्गर्टही तिथे आला होता आमच्या मागून, घसरगाडी घेऊन. त्याने पडलेली झाडं पाहिली. मग रुनीकडे पाहिलं. मग पुन्हा झाडं. आणि जागच्या जागी खाली बसला. लोकांना वाटलं, झाडं वाऱ्याने नेऊन पाडली, आणि हे भावाचं दुःख. दोघांनी त्याला धरून नेलं.

रविवारी थंडी मोडली, बारीक बर्फ पडत होता. लौगा त्याच्याकडे गेली. आलुबुखाराच्या थरांचा केक घेऊन, आपल्यात मयताला करतात तो. म्हणाली, "सगळे घरात होते तेव्हा तू एकटा गेलास त्याच्यासाठी. मी विसरणार नाही, एग्गर्ट." आणि बापाची पहार त्याच्या टेबलावर ठेवली. "हिच्यावर आता तुझाच हक्क."

सोमवारी पुन्हा ऊबदार वारा, पागोळ्या. आठवडा जसा सुरू झाला होता तसाच. दुपारी मी गेलो. एग्गर्ट स्वयंपाकघरात खुर्चीवर बसलेला, पहार मांडीवर आडवी, केक न कापलेला. उजव्या पायाची टाच जमिनीवर एका जागी दाबून धरलेली. मी कॉफी केली, दिली. त्याने घेतली, पण टाच हलवली नाही. मग त्याने सगळं सांगितलं. मी तुम्हाला सांगितलं तेवढं सगळं.

राग आला मला. मारावं असं वाटलं. पण त्याच्या तोंडाकडे बघून हात उचलवेना. म्हटलं, "लौगाला सांग."

"सांगतो," तो म्हणाला. मग: "तुला ऐकू येतंय?"

"काय?"

"कालपासून. इथे. टाचेखाली."

मी ऐकलं. पागोळ्या गळत होत्या. बाकी काही नाही. तसं सांगितलं.

तो हसला. "गावात बहिरा मी, आणि ऐकू मलाच येतं." मग म्हणाला, "दोन लांब, एक तोकडा. मग थांबतो. उत्तराला थांबतो रे तो."

"मग दे उत्तर, नि मोकळा हो," मी म्हणालो. वैतागून म्हणालो, वेड्याला म्हणतात तसं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. "दोन ठोके दिले की काय करतात, माहीत आहे ना तुला?"

मी निघालो. तो दारापर्यंतही आला नाही. टाच...

मंगळवारी सकाळी त्याच्या धुराड्यातून धूर नव्हता. दार आतून बंद. मी आणि शिपायाने ते तोडलं. एग्गर्ट खुर्चीवरच. गेलेला. हृदय, असं डॉक्टरांनी लिहिलं. अंगावर ओरखडा नाही. पहार मांडीवर, दोन्ही हातांत घट्ट. फक्त टाच उचललेली होती. दोन्ही पाय खुर्चीच्या आडव्या दांडीवर, पाण्यातून वर घ्यावेत तसे.

टाच होती तिथे लाकडात दोन खुणा. ताज्या. तीन कोपऱ्यांच्या.

दोनच.

त्याने उत्तर दिलं होतं.

शिपाई बाहेर फोनवर बोलत होता. मी खाली बसलो. का कोण जाणे, तो तख्ता बोटाने दाबला. तो दबला. जाड, जुना ओकचा तख्ता, आणि पापडासारखा दबला. एग्गर्टच्या हातातून पहार सुटेना, म्हणून चुलीजवळची सळई घेतली, तख्त्याच्या फटीत घातली आणि तो उचकटला.

खाली वाळू होती. तख्त्याला टेकलेली, ठासून भरलेली, गोठून दगड झालेली. कोरडी. माणूस सोडा, उंदीर मावला नसता.

मी तख्ता उलटला.

तोच तख्ता तिथे दाराआड उभा आहे, भिंतीकडे तोंड करून. आठ हिवाळे झाले. डेनी, तूच वळव. घाबरू नकोस, लाकूडच आहे. कंदील धर मागून. दिसला उजेड मधून? लाकूड तेवढंच राहिलं आहे तिथे, नखाएवढं. आता बोट फिरव. शेकडो खुणा आहेत, एकावर एक. सगळ्या खालून मारलेल्या. आणि प्रत्येकीचे कोपरे मोज.